प्रश्न पूर्ण सुटला

गणितातली डॉक्टरेट मिळवायला तिला सात वर्षे लागली, आणि त्या सात वर्षांत तिने सिद्ध काय केले, तर एक गोष्ट याहून चांगली होऊच शकत नाही. प्रबंधाचे नाव दोन ओळींचे होते आणि घरात कुणालाही ते धड म्हणता येत नसे. कुणी विचारलेच तर ती सोपे करून सांगे. मोठ्या पेटीत लहान डबे भरायचे, तर कितीही डोके लढवले तरी थोडी जागा वाया जाणारच. ती निदान किती जाईल, हे आधी कागदावर पक्के करून दाखवायचे, म्हणजे पुढच्या माणसाने उगाच घाम गाळायला नको.

"म्हणजे पेटी भरायची नाही," तिचा थोरला भाऊ म्हणाला होता. "भरणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, राहू दे आता."

"साधारण तसंच, दादा."

"छान आहे. आणि याला पगार कोण देतं?"

दादाचे विजेच्या सामानाचे दुकान होते. बोलायला तिखट, पण बहिणीला आणि आईला त्याने कधी जा म्हटले नव्हते. त्याच्या तीन खोल्यांच्या घरात आईची खाट स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात होती, फुलाफुलांच्या पडद्याआड. न्हाणीघरात जाणाऱ्या-येणाऱ्याचा खांदा त्या पडद्याला लागे आणि पडद्याच्या कड्या खाटेच्या वर खडखडत. खाटेशेजारी जमिनीवर तिची स्वतःची गादी. आई तक्रार करणाऱ्यातली नव्हती. गुडघ्याचे ऑपरेशन होऊन घरी आली त्या आठवड्यात एकदाच म्हणाली, "एक दार असतं तर बरं झालं असतं. लावून घ्यायला."

"मला पक्की नोकरी लागू दे," ती म्हणाली. "पहिलं दार तुझं."

हे म्हणताना ती तेहतीस वर्षांची होती. एका कॉलेजात दोन वर्षे, दुसऱ्यात एक, अशा हंगामी नोकऱ्या करून झाल्या होत्या. वर्ष संपले की प्राचार्य गोड बोलत आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणत. बघत कुणीच नसे.

गणित विभागात कंपनीत जाणाऱ्यांबद्दल बोलायची एक रीत होती. "तो कुठे असतो हल्ली?" असे कुणी विचारले की उत्तर येई, "गेला तो. कंपनीत." मग विचारणारा आणि सांगणारा, दोघेही थोडा वेळ आपापल्या कपातल्या चहाकडे बघत. त्यामुळे काचेच्या कारखान्याची जाहिरात घेऊन ती आपल्या मार्गदर्शक सरांकडे गेली, तेव्हा आपणच आपल्या मरणाची बातमी द्यायला आलो आहोत असे तिला वाटले.

सर मात्र चिडले नाहीत. "जा," ते म्हणाले. "पोट सगळ्यांनाच आहे. पण तिथेही लिहिशील ते इथल्यासारखं लिही."

इथल्यासारखे म्हणजे कसे, हे तिला वेगळे सांगायला नको होते. जे केले ते सगळे मांडायचे, काही हातचे राखायचे नाही. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यायचे. आणि जिथे संपले तिथे संपले असे म्हणायचे. सरांनी या तीन गोष्टी तिच्या हाडामासात मुरवल्या होत्या.

कारखाना बसच्या शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटांवर होता. माणसाच्या दीडपट उंच काचा लाकडी घोड्यांना टेकून ओळीने उभ्या. मधोमध जाड लोकर अंथरलेली टेबले. सकाळी खिडक्यांच्या मापांची यादी येई आणि मिस्त्री चपट्या पेन्सिलीने खाकी कागदावर आखणी करत, कुठल्या काचेतून कुठले तुकडे काढायचे ते. मग कापणारे रॉकेलमध्ये बुडवलेले चाक पट्टीला लावून रेघ ओढत, काच टेबलाच्या कडेवर घेत आणि एक टिचकीसारखा आवाज होऊन ती दुभंगे. उरलेसुरले तुकडे डब्यात पडत. शंभर भाग काच आली तर त्यातले सहा पूर्णांक नऊ भाग डब्यात, असा त्या वर्षीचा आकडा होता. तो कमी करण्यासाठी तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले होते. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "काम दिसलं की कायम करू."

तिसऱ्या आठवड्यात तिने संगणकावर एक आखणी काढली. वाया जाणारा भाग फक्त चार. तो कागद घेऊन ती मिस्त्रींच्या टेबलाशी गेली. मिस्त्रींनी तो सरळ धरून पाहिला, मग उलटा धरून पाहिला.

"हा तुकडा कसा काढायचा?"

"इथून इथपर्यंत कापायचं, मग इकडे वळून…"

"वळून?" मिस्त्रींनी मान वर केली आणि कापणाऱ्यांना हाक मारली. "अरे, या रे जरा सगळे. बाई काचेला वळायला सांगतायत."

सगळे हसले. एकाला तर पट्टी खाली ठेवावी लागली.

"काच म्हणजे कापड नव्हे, बाई," मिस्त्री म्हणाले. "रेघ या कडेला सुरू झाली की त्या कडेलाच संपणार. मध्येच थांबवाल तर ती स्वतःच्या मनाने जाईल, आणि मग तुमच्या बोटांत शिरेल. हे बघा." त्यांच्या डाव्या तळहातावर तशा चार पांढऱ्या रेघा होत्या.

त्या दिवसापासून ती गणितबाई झाली. पण तिने तो कागद तिथल्या तिथे फाडला आणि विचारले, "मी रोज तुमच्याशेजारी उभी राहिले तर चालेल?" तेव्हा मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचे हसू बदलले.

दोन महिने ती उभी राहिली, हातात वही घेऊन, सकाळी आठपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत. आधी लांब पट्ट्या का काढायच्या, उरलेला कुठला तुकडा घोड्यावर परत ठेवायचा आणि कुठल्याची आशा सोडायची, यादीत कुठले माप पाहिले की दुसऱ्या दिवशी काय येणार ते ओळखायचे, हे सगळे मिस्त्रींनी तिला हात आखडता न घेता दाखवले. "सव्वीस वर्षं झाली," ते एकदा म्हणाले. "कसं करता म्हणून कुणी विचारलंच नाही. फक्त किती झालं ते विचारतात."

ते कामाला लागले तेव्हा शंभरातली अकरा भाग काच डब्यात जात होती. दर वर्षी त्यांनी ती थोडी थोडी खाली आणली. आकडा खाली आला की वार्षिक सभेत साहेब त्यांना भिंतीवरचे घड्याळ देत.

"आमच्या घरी पुष्कळ घड्याळं आहेत," मिस्त्री सांगत. "प्रत्येक खोलीत वेगळी वेळ. बायको म्हणते, तुम्ही साहेबाला पंखा तरी मागा."

पाचव्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी साडेतीनला, तिचे गणित जुळले. तिची नवी आखणी साडेसहावर आली होती. पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट अशी, की सहा पूर्णांक चारच्या खाली कुणालाही, कशानेही जाता येणार नाही, हे तिने सिद्ध केले होते. सगळ्यांत जास्त खपणाऱ्या खिडकीचे माप असे होते की काचेच्या रुंदीत त्या तीन बसत आणि कडेला चार बोटांची पट्टी उरे. तेवढ्या अरुंद खिडकीतून कुणी बाहेर बघत नाही, म्हणून ती पट्टी कुणी मागत नाही. बाकीची सारी सिद्धता त्या पट्टीतून निघत होती. ती उठली आणि तोंड धुऊन आली. आरशात पाहिले तर आपण हसतो आहोत असे तिला दिसले.

अहवाल बावीस पानांचा झाला. पहिल्या पानावर तिने मिस्त्रींचे आभार मानले, नावानिशी, आणि लिहिले की गणिताने ज्याला उत्तम म्हणावे त्याच्या अगदी जवळ हा माणूस नुसत्या पेन्सिलीने पोचला आहे. शेवटी परिशिष्ट जोडले. त्यात मिस्त्रींची पद्धत चौदा पायऱ्यांत मांडली होती, इतकी स्वच्छ की जन्मात काच न पाहिलेल्यालाही ती करता यावी. सगळ्यात शेवटचे वाक्य होते, "हा प्रश्न आता पूर्ण सुटला असून यापुढे त्यात सुधारणेला जागा नाही." ती ज्या जगातून आली होती तिथे याहून मोठे वाक्य माणसाला लिहायला मिळत नाही. कित्येकांना आयुष्यभर मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत तिने एक प्रत मिस्त्रींना दिली. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि सावकाश वाचत बसले. परिशिष्टाशी बराच वेळ थांबले.

"हे साहेबांकडे गेलं?"

"कालच दिलं."

मिस्त्रींनी चष्मा काढून खिशात ठेवला. "माझं नाव पहिल्या पानावर घातलंत."

"घालायलाच हवं. तुमचंच आहे सगळं."

"हं." ते जेवणाच्या डब्याचे झाकण लावू लागले. "बाई, ती पट्टी उरतेच. मला ठाऊक होतं ते. बारा वर्षं झाली."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू?"

ती गोंधळली. "आणि सहा-नऊवर का थांबलात? तुम्हाला साडेसहा सहज जमलं असतं."

"पुढल्या वर्षी सहा-आठ करणार होतो," मिस्त्री म्हणाले. "माझी चार वर्षं राहिलीत. चार वर्षांचं बाजूला ठेवलं होतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला वाद तरी घालता आला असता.

साहेबांनी तिला सोमवारी बोलावले. साहेब खरोखरच खूश होते. "डॉक्टर, इतका स्पष्ट अहवाल मी आजवर वाचला नाही. बाकीचे सल्लागार नेहमी म्हणतात, अजून वेळ द्या. तुम्ही म्हणता, झालं."

"हो. झालं."

"म्हणजे यात आता आणखी करण्यासारखं काही नाही?"

एव्हाना तिला सारे कळले होते. मिस्त्रींनी झाकण लावताना जो आवाज झाला होता तो शनिवार-रविवार तिच्या कानातून गेला नव्हता. अजून थोडा वाव आहे, एवढे म्हणायचे होते. फार तर चार शब्द. समोरच्या माणसाला त्यातले काही तपासता आले नसते. पण कागदावर सिद्धता होती, खाली तिची सही होती, आणि तोंडाने वेगळे बोलायला तिची जीभ तेव्हा शिकलेली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. वर एका पाकिटाच्या पाठीवर तिने त्यांना चार बोटांच्या पट्टीची आकृतीही काढून दाखवली. साहेबांनी सभ्यपणे पाहिली.

पुढे सगळे झटपट झाले. कापणीचे नवे यंत्र आले आणि यंत्र विकणाऱ्यांनी त्या चौदा पायऱ्या जशाच्या तशा त्यात भरल्या. एका पायरीतही त्यांना शंका आली नाही. तिला पत्र मिळाले की नेमून दिलेले काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्यामुळे मुदत वाढवण्याची गरज उरलेली नाही. मिस्त्रींना माल उतरवण्याच्या आवारात पाठवले, खोकी मोजायला.

शेवटच्या दिवशी ती आवारात गेली. मिस्त्री उन्हात पाटी घेऊन उभे होते.

"मिस्त्री, तुमचं चांगलं व्हावं म्हणून मी…"

"ठाऊक आहे हो. तुम्ही कौतुकच केलंत माझं. सव्वीस वर्षांत एवढं कुणी केलं नाही." ते पुन्हा खोक्यांकडे वळले. "बघा, बोलण्यात आकडा चुकला. आता पहिल्यापासून मोजायला लागणार."

ती तशीच निघून आली.

घरी वहिनीने विचारले, "वन्सं, काढलं म्हणजे काहीतरी चुकलं असेल ना?"

"चुकलं नाही, वहिनी. बरोबर आलं."

दादाला हसू आवरेना. "अगं शहाणे," तो म्हणाला, "माझ्याकडचा वायरमन बघ. एका घराचं काम एका फेरीत संपवलंय का त्याने कधी? एक दिवा मुद्दाम लुकलुकता ठेवतो." मग तिचा चेहरा पाहून तो उगाचच फडताळात काहीतरी शोधू लागला. पडद्याआड आईची खाट वाजली नाही. आई झोपली नव्हती. पडद्याआड सगळे ऐकू येते.

त्यानंतर अकरा महिने ती घरी होती. न्हाणीघरात जाणारी माणसे पडद्याला खांदा लावत राहिली आणि ती मुलाखतींना जात राहिली. मागच्या कामात काय केलेत, असे सगळीकडे विचारत. ती खरे सांगे आणि समोरची माणसे एकमेकांकडे पाहत. नवव्या मुलाखतीला, घरपोच पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत, तिने उत्तर दिले, "बरीच सुधारणा केली. अजून पुष्कळ वाव होता." सकाळपासून आरशासमोर घोकल्यासारखे ते बाहेर पडले, आणि घोकलेले मात्र नव्हते. तिला नेमले.

कंपनीच्या गाड्या रोज गल्लीबोळांतून फिरत. त्यांनी कुठल्या क्रमाने फिरावे म्हणजे एकूण अंतर कमी होईल, हे तिचे काम. चौथ्या महिन्यात, एका बुधवारी, तिला तळ सापडला. शंभरात दोन पूर्णांक चार इतके कमी करता येईल, त्याखाली नाही. नवी गोदामे आली, जुन्या गल्ल्या बंद झाल्या तरी तो तळ फारसा हलणार नव्हता. सिद्धता सात पानांची झाली. ती तिने दोनदा वाचली, एक चूक होती ती दुरुस्त केली, आणि सातही पाने फाडून निरनिराळ्या टोपल्यांत टाकली.

मग तिने ते दोन पूर्णांक चार, पानात थोडे थोडे वाढावे तसे, वाढायला घेतले. दर तिमाहीला पाच शतांश, त्याहून जास्त नाही. सभेत पडद्यावर आलेखाची रेघ जराशी खाली उतरे आणि लांब टेबलाभोवतीची मंडळी टाळ्या वाजवत. सुरुवातीला ती टाळ्या संपेपर्यंत खाली वहीत बघे. दुसऱ्या वर्षी ती मान वर ठेवू लागली, याचेच तिला काही दिवस वाईट वाटले. ती कायम झाली, मग विभागाची प्रमुख झाली. साहेब लोक तिच्याबद्दल म्हणत की या बाईंमध्ये चिकाटी विलक्षण आहे.

तिने दोन खोल्यांची जागा घेतली. आईच्या खोलीला दार होते. पहिल्या संध्याकाळी आईने ते लावले, उघडले, परत लावले. मग आतून म्हणाली, "काही बोललीस का गं? ऐकू येत नाही आता."

सरांचा अधूनमधून फोन येई. "काही नवं सिद्ध केलंस?"

"नाही, सर. एकाच प्रश्नावर चाललंय अजून."

"असू दे, असू दे," सर म्हणत, आणि त्यांच्या आवाजात अभिमान असे. "मोठे प्रश्न असेच असतात. चार वर्षं, पाच वर्षं. सोडू नकोस."

"नाही सोडत," ती म्हणे.

आठ वर्षे झाली. ती चव्वेचाळीस वर्षांची झाली. एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने एका कागदावर मांडून पाहिले. वाढून झाले होते दीड, उरले होते शून्य पूर्णांक नऊ. पाच शतांशांहून कमी दाखवले तर रेघ उतरल्यासारखी दिसत नाही आणि टेबलावरची माणसे विचारतात, यावेळी काय झालं? म्हणजे अठरा तिमाह्या. साडेचार वर्षे. नोकरीची उरली होती चौदा.

मधली एखादी तिमाही कोरी घालवता येईल. पावसाने रस्ते वाहून गेले, नवे गोदाम उघडले, काहीही सांगता येईल. पण लागोपाठ दोन कोऱ्या गेल्या तर लोक विभागाकडे बघायला लागतात, हे तिने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिले होते. मग एक भरलेली, एक कोरी, अशा छत्तीस. नऊ वर्षे. ती त्रेपन्न वर्षांची होईल, आणि मग पाच वर्षे तशीच उघडी पडतील. तिने क्रम बदलून पाहिला. अंतरे बदलून पाहिली. नऊच्या पुढे जाईना. तेव्हा, सवयीने, तिने खाली एक आडवी रेघ मारली आणि याहून पुढे का जाता येत नाही ते लिहून काढले. चार ओळींत बसले. चोख होते, एक शब्द जास्त नव्हता. आठ वर्षांत तिने न फाडलेली ती पहिली सिद्धता.

आतले दार उघडून आई भिंतीला धरत बाहेर आली. "काय लिहितेस गं एवढं?"

"सामानाची यादी."

"मग साबण लिही. संपलाय."

तिने चौथ्या ओळीखाली साबण लिहिले.